अर्धा सेकंद

कल्पेश मढवीला बारा टॉप हवे होते, सोळा बेस.
गोठिवलीच्या हळदीला म्हणे एवढे होते,
घराघरांतली भांडी फळीवरून उतरली, नाव झालं.
मी विचारलं, गाणार कोण?
गोमीआजी. वय ब्याऐंशी.
आणि सोबत?
सोबत आता कुणी नाही.

मग चारच पेट्या. दोन अंगांना दोन-दोन,
अरुंद तोंडाच्या, एकीवर एक, माना खाली घातलेल्या.
बेस गाडीतच राहू दे, नौशाद.
कल्पेशचं तोंड उतरलं,
बिलाचा आकडा ऐकून थोडं वर आलं.

तळवलीचं मैदान तसं सोपं.
एका बाजूला देऊळ, एका बाजूला उघडं,
पाठीशी बेलापूर रस्त्याचे ट्रेलर.
अवघड फक्त समोरचा टॉवर:
बत्तीस मजले, सगळी काच, स्टेजपासून नव्वद मीटर.
आवाज जातो, आपटतो, परत येतो,
अर्ध्या सेकंदाला किंचित वर.
हॅलो म्हटलं की लो.

एडविनमामा रबाळ्याच्या गाळ्यात
फाटक्या कोनला डिंक लावता लावता सांगायचे:
पेटी माणसं बघून निवडू नकोस, भिंती बघून निवड.
माणसं आवाज पितात.
भिंत थुंकते.

दुपारभर त्या काचेशी भांडलो.
पेट्या तीन अंश वाकवल्या, मग अजून दोन.
वरच्या दोघींना चार डेसिबलने दाबलं.
मधल्या रांगेपाशी दोन लहान पेट्या, उशीर लावून,
म्हणजे पुढचा आवाज पोचेपर्यंत त्या थांबतील,
आमच्या धाकट्या जावयासारखं
दुसऱ्याचं वाक्य आधीच संपवणार नाहीत.
अडीच हजारावर शिटी होती, ती चिमटीने काढली.
नौशाद खरखर लावून रिकाम्या खुर्च्यांतून फिरला,
गळका नळ शोधावा तसा, कान पुढे करून.
काच अजून थोडी बोलत होती.
लोक बसले की गप्प होईल, म्हणालो.
स्वतःलाच.

लोक बसले. ती झाली नाही.

शाल, श्रीफळ, चार भाषणं.
मग गोमीआजी.
पन्नास वर्षं मांडवामांडवांत धवले गायलेली बाई,
माईक कधी धरला नाही.
एक ओळ हिची, एक सुकरीची, रात्रभर.
सुकरी करोनात गेली.
नौशादने स्टँड तीनदा खाली-वर केला,
ती वीतभर लांबच उभी राहिली.
मी गेन कडेपर्यंत नेला.

पहिली ओळ. बारीक, काठाला उसवलेली,
सूर मात्र जागेवर.
ओळ संपली
आणि काचेने शेवटचा शब्द परत केला.

ती थांबली. कपाळावर हात धरून समोर बघितलं.
"समोर कोन गाते रं?"
लोक हसले. माझ्या पाठीवरून घाम उतरला,
बोट फेडरवर.

दुसरी ओळ. थांबली, ऐकलं.
तिसरीच्या शेवटी तिने जागा सोडली,
शेजारच्या बाईला पाटावर सरकून द्यावी तशी,
आणि काच आली, जराशी जाड, जराशी मागून.
"सुकरे, मोठ्यानं गं," आजी माईकमध्ये म्हणाली.

यानंतर मी जे केलं ते एडविनमामांनी बघितलं असतं
तर कान पिळला असता.
वरच्या दोन पेट्या सोडल्या.
चारही डेसिबल, हळूहळू, एका ओळीत एक.

विसाव्या-बाविसाव्या मजल्यावर
कुणीतरी ऐकायला खिडकी सरकवली.
तेवढ्या चौकोनातून काही परत आलं नसेल.

रात्री केबल गुंडाळताना कल्पेशने विचारलं,
तो एको कुठल्या मशीनचा? भाडं किती?
मी टॉवरकडे बोट केलं.
बराच वेळ तो तिकडेच बघत राहिला.
मग म्हणाला, तिथं आमची खाचरं होती. भाताची.
आणि गाडीत चढून
न वाजलेल्या बेसवर बसून त्याने चहा घेतला,
पुढच्या वर्षी मात्र बारा टॉप, असं बजावत.